श्री कोरलेला थर्मोस्टॅट

ऑगस्टचा तिसरा शनिवार जवळ आला की आमच्या गॅरेजात डोकं वर काढायला फुरसत नसते. त्या दिवशी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते. १९९५ साली सुरू झालेली ही जत्राच आहे. वर्षभर गाडी झाकून ठेवलेले मालक नेमके त्याच आठवड्यात जागे होतात आणि प्रत्येकाला शुक्रवारपर्यंत गाडी तयार हवी असते. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मूर्तिकाराची जी गत, तीच आमची.

अशाच एका मंगळवारी टो-ट्रकवरून फोर्डची एक मस्टँग उतरली. १९७० ची मॅक वन, ग्रॅबर ऑरेंज रंग, नजर हटणार नाही अशी. मालक सत्तरीचे, शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले. हातात बिलांची जाडजूड फाईल. "तापते," एवढंच म्हणाले आणि फाईल माझ्यापुढे ठेवली.

वॉटर पंप नवा. रेडिएटर नवा, ॲल्युमिनियमचा, तीन थरांचा. फॅन क्लच नवा. प्रेशर कॅप दोनदा बदललेली. कूलंट तर चार वेळा: आधी हिरवं, मग नारिंगी, मग 'सर्व गाड्यांना चालतं' असं बाटलीवर लिहिलेलं पिवळं, मग पुन्हा नारिंगी. ज्या ज्या गॅरेजात गाडी गेली तिथे आधीच्याने घातलेल्या कूलंटवर खापर फोडलेलं. कॅप उघडून पाहिलं तर आत चहाच्या गाळासारखं काहीतरी तरंगत होतं.

कूलंट निवडायला चुकलं होतं हे खरंच. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये सिलिकेट असतात, ते धातूवर पटकन थर धरतात, पण दोन वर्षांत त्यांचा जोर संपतो. नारिंगी सेंद्रिय आम्लांवर चालतं, जास्त टिकतं, पण ते नव्वदच्या दशकातल्या नव्या गाड्यांसाठी आलं. दोन्ही एकत्र केली की धड हे नाही, धड ते नाही. ह्या गाडीचा हीटर अजून मूळचाच, तांब्या-पितळेचा, शिशाच्या डागाने जोडलेला; त्याला मी हिरवंच घालतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. पण चुकीच्या कूलंटने रेडिएटर हळूहळू खराब होईल, दहा मिनिटांत काटा चढणार नाही.

मी सहज विचारलं, "थर्मोस्टॅट काढून चालवून बघितली का?"

"बघितली ना. उलट जास्तच तापली."

माझा हात थांबला.

आपल्याकडचा कुठलाही जुना टॅक्सीवाला सांगेल, गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढून फेकायचा. कोल्हापूरला उद्यमनगरात मी शिकत होतो तेव्हा ॲम्बॅसॅडरचे किती काढले, मोजदाद नाही. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पण तापायचं थांबतं. काढल्यावर जास्त तापणारं इंजिन मला एकच माहीत आहे.

त्या काळात फोर्डची '३५१' नावाची दोन वेगवेगळी इंजिनं होती. एक विंडसर, एक क्लीव्हलँड. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) चार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेतीन इंच, म्हणून घनफळ सारखं, ३५१ घनइंच, आणि आकडा सारखा. एक कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातलं (आमच्या डेट्रॉइटहून नदीपलीकडे दिसतं ते गाव), दुसरं ओहायोतल्या क्लीव्हलँडचं. नावापुरती भावंडं, आतून एकमेकांचे कोणी लागत नाहीत. १९७० च्या मस्टँगचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-नंबर, ०एफ०५एच असा सुरू होत असेल तर शून्य म्हणजे १९७०, एफ म्हणजे डिअरबॉर्न कारखाना, ०५ म्हणजे मॅक वन, आणि एच म्हणजे दोन-बॅरल कार्ब्युरेटरचं ३५१. कुठलं ३५१, ते एच सांगत नाही. त्या वर्षी दोन्हींपैकी कुठलंही बसवत.

मग डोळ्यांनी बघायचं. व्हाल्व्ह कव्हरचे बोल्ट मोजायचे: सहा असतील तर विंडसर, आठ असतील तर क्लीव्हलँड. रेडिएटरचा वरचा होज कुठून निघतो ते बघायचं. विंडसरमध्ये तो इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या भागाच्या) तोंडातून आडवा येतो आणि त्याच्याजवळ रेडिएटरला वळसा घालणारा, बोटाएवढा एक छोटा बायपास होज असतो. क्लीव्हलँडमध्ये मॅनिफोल्डमधून पाणी फिरतच नाही. थर्मोस्टॅट थेट ब्लॉकमध्ये बसतो, होज तिथून वर उठतो आणि बायपास आतल्या आत असतो.

इथे आठ बोल्ट होते. छोटा होज नव्हता. क्लीव्हलँड.

ह्या आतल्या बायपासमध्येच सगळी गोम आहे. थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली पितळेची एक चकती असते, तिला मधोमध भोक. इंजिन थंड असताना पाणी त्या भोकातून परत पंपाकडे जातं. इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट उघडतो आणि त्याच्या बुडाला असलेली नळकांड्यासारखी टोपी खाली सरकून ते भोक बुजवते. मग पाण्याला रेडिएटरमधून गेल्यावाचून गत्यंतर नाही. थर्मोस्टॅटच काढला तर भोक सताड उघडं, आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात. विंडसरचा थर्मोस्टॅट त्याच खाचेत अगदी चपखल बसतो. त्याला ती टोपी नसते, एवढाच फरक. पँटेरा ही इटालियन गाडी बाळगणाऱ्यांनाही हे दुखणं ठाऊक असतं, तिच्यातही हेच इंजिन.

गाडी चालू केली, टेम्परेचर गन घेतली. थर्मोस्टॅटच्या मानेशी २२५ फॅरनहाइट, रेडिएटरच्या खालच्या टोकाशी दीडशेच्या आसपास. एवढा मोठा नवा रेडिएटर निवांत बसून होता, त्याच्यापर्यंत पुरेसं पाणीच येत नव्हतं.

गार होऊ दिली, मानेचे दोन बोल्ट काढले, थर्मोस्टॅट उचलला. टोपी नव्हती. बॅटरी मारून पाहिलं, खाली पितळेची चकती जागेवर होती.

थर्मोस्टॅट पुसला आणि त्याच्या कडेवर सुईने कोरलेलं दिसलं: श्री, १०/२१.

मिशिगनमध्ये पार्टवर 'श्री' कोरणारा मेकॅनिक मी एकटाच असावा. बाबा फाउंड्रीत साच्याच्या वाळूवर पहिल्या ओतणीआधी बोटाने श्री काढायचे, त्यावरून मला लागलेली सवय. ऑक्टोबर २०२१. हळूहळू आठवलं. राखाडी प्रायमरमधली एक मस्टँग, मालक दुसराच, घाईत विकायला काढलेली. संध्याकाळची वेळ, मी पार्ट आणायला पोराला पाठवलं, पुडक्यावर ३५१ लिहिलेलं होतं. मी तो गरम पाण्याच्या भांड्यात टाकून १८० ला उघडतो का तेही बघितलं होतं. उघडला होता. नंतरच्या गॅरेजवाल्यांनीही तेच केलं असणार, कारण थर्मोस्टॅट तपासायची रीतच ती. आणि तो होताही उत्तम, चुकीच्या इंजिनात एवढंच. क्लीव्हलँडचं हे टोपीप्रकरण मी शिकाऊ पोरांना किती वेळा समजावलंय, ते सांगायची लाज वाटते.

मालक बाहेर बाकावर बसले होते. पाच मिनिटं मी हात पुसत राहिलो. मग जाऊन सगळं सांगितलं, थर्मोस्टॅट हातात देऊन. मजुरी लागणार नाही म्हणालो. त्यांनी आधी तो उलटासुलटा करून पाहिला, मग फाईलकडे. "रेडिएटरसुद्धा उगाचच?" "हो. पण छान आहे," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार.

टोपीवाला थर्मोस्टॅट बुधवारी आला. तोवर ब्लॉक आणि हीटर धुऊन काढला, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग हिरवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं; नुसतं पाणी उष्णता जास्त ओढतं, पण इथल्या जानेवारीत ब्लॉक तडकेल. ऑईलही बदललं. ह्या इंजिनात टॅपेटचा सपाट तळ कॅमवर घासत फिरतो, त्याला झिंक-फॉस्फरसवालं ऑईल लागतं. हल्लीच्या गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० मध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला फॉस्फरस कमी ठेवलेला असतो. मी जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं, जास्त झिंकचं जाडसर ऑईल घातलं. ब्रँडवरून इथे भावाभावांत भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) एफएमएक्स नावाचं ऑटोमॅटिक, म्हणजे त्यात टाइप-एफ ऑईल. डेक्सरॉन हे दुसऱ्या जातीचं ऑईलही लालच असतं, रंगावर जाऊ नका. ते मात्र कोणीतरी बरोबर घातलेलं होतं.

गुरुवारी ट्रॅफिकमध्ये तास भर फिरवली. काटा मध्यावर चिकटून.

गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी जुना थर्मोस्टॅट मागितला. कडेवर काय लिहिलंय, विचारलं. काम सुरू करताना लिहितात, म्हणालो. "आणि ह्याच्यावर?" नव्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं. तो तर आत बसलेला, दिसत नव्हता. त्यावरही आहे म्हणालो. त्यांनी जुना प्लास्टिकच्या पिशवीत घालून बिलांच्या फाईलीत ठेवला, सगळ्यात वर.