खांद्यावरचा खडूचा डाग: क्रीडमूरची पुढची गोष्ट

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, जास्त धक्का देणारी .३०८ ची रायफल विकली, कमी धक्क्याच्या ६.५ क्रीडमूर काडतुसाची घेतली, आता ऑपरेशन झालेल्या खांद्याची काळजी मिटली. नाही मिटली. पहिल्याच दिवशी आठव्या गोळीला तीच जुनी कळ दंडापर्यंत गेली. रात्री कूस बदलताना दोनदा जाग आली.

हिशेब तर चोख होता. ३.४ किलोच्या रायफलमध्ये १५० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) .३०८ चा धक्का साधारण २१ ज्यूल, १४० ग्रेनच्या क्रीडमूरचा १७, १०० ग्रेनच्या .२४३ चा १२. रानडुकरासाठी जरा जड गोळी हवी म्हणून .२४३ सोडली होती. त्या रात्री वाटलं, तिथेच चुकलो.

दुसऱ्या दिवशी रिकॉइल पॅडवर, म्हणजे दस्त्याच्या टोकाला खांद्याशी टेकणाऱ्या रबरी गादीवर, खडू घासला, काळा शर्ट घातला, बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि डोळे मिटून नेहमीसारखी खांद्याला लावली. असं पाच वेळा. मग आरशासमोर गेलो. पॅडचा पांढरा ठसा छातीलगतच्या खळग्यात उमटायला हवा होता. तो होता बाहेर, गळपट्टीचं हाड जिथे खांद्याला मिळतं नेमका त्या उंचवट्यावर, आणि तोही पूर्ण नाही, खालच्या कोपऱ्याचा नखाएवढा डाग. म्हणजे सगळा दणका त्या एवढ्याशा कोपऱ्यातून, ऑपरेशन झालेल्या जागेवर बसत होता. रायफल बदलून काय होणार होतं!

दोष दस्त्याच्या लांबीचा. ट्रिगरपासून पॅडपर्यंत ३५० मिमी. वर जाड जाकीट. एवढा लांब दस्ता खळग्यात बसत नाही, बाहेर सरकतो. ज्या कारागिराने रायफल बसवून दिली त्याने माप घेतलंच नव्हतं आणि याचा मला मनापासून राग आहे. दस्ता आणि पॅड यांच्यामधल्या दहा-दहा मिमीच्या दोन चकत्या (स्पेसर) काढल्या, ३३० वर आलो, पॅडही लिंबसेव्हर ब्रँडचा मऊ बसवला. खडू पुन्हा लावला तर ठसा उभा, पूर्ण आणि खळग्यात. तो शर्ट अजून धुतलेला नाही.

मग नवं लचांड. दस्ता आखूड झाल्यावर दुर्बीण तेवढीच डोळ्याजवळ आली, भुवईला मार बसण्याइतकी. दुर्बीण जिच्यावर बसते त्या पिकॅटिनी रेल नावाच्या पट्टीच्या खाचा १० मिमी अंतरावर असतात, म्हणून दुर्बीण धरणाऱ्या दोन्ही रिंगा दोन खाचा पुढे नेल्या आणि अंतर बरोबर जमलं. पण झीरो (दुर्बिणीचा नेम आणि गोळी यांचा मेळ) गेला, आणि माझ्याकडे दिवसाला गोळ्या मोजून दहा. बोल्ट काढून बॅरलमधून थेट लक्ष्य बघत आधी दुर्बीण जुळवली, त्यामुळे २५ मीटरवर दोनच गोळ्या खर्ची पडल्या. १०० मीटरवर शेवटच्या तीन गोळ्यांची छिद्रं ३१ मिमीच्या आत! मधल्या पाचांत मित्राने मला न सांगता दोन डमी, म्हणजे न उडणारी, काडतुसं घातली होती, धक्का नसतानाही मी दचकतो का ते बघायला. दोन्ही वेळा नळी जागची हलली नाही. दचकणं गेलं, याचा आनंद त्या ३१ मिमीपेक्षा मोठा.

मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायची वायू बाजूला सोडणारी जोडणी, घ्या असं बरेच जण सुचवतात. धक्का नक्की कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे असा फुटतो की शेजारच्याचे कान जातात. मी घेणार नाही. पुढचा बेत दस्त्याच्या पोकळीत ४०० ग्रॅम शिसं भरायचा होता, १७ चे १५ ज्यूल झाले असते.

पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, आठव्या गोळीची ती कळ पालथं झोपून मारताना आली होती. पालथं असताना अंग मागे जायला जागाच नसते, सगळं गळपट्टीच्या हाडावर येतं. बसून, काठ्यांच्या टेकूवर मारलं तर धड मागे झुलतं. तेव्हा शिसं थांबवतो. येत्या रविवारी काठ्या, पाच गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी हात डोक्यावर कुठवर जातो त्याचं माप. त्याआधी वजन वाढवणार नाही, चढावर वाहायचंही याच खांद्याला आहे.