काकूंच्या पलंगाशेजारी

आज एका काकूंकडे दोन तास बसले. गुडघा बदलल्याला बारावा दिवस. ऑपरेशननंतर घरी काळजी कशी घ्यायची हे सांगणारं आमचं ॲप त्यांच्या फोनमध्ये आहे, पण उघडलंय फक्त दोनदा.

'वेदना ० ते १० मध्ये सांगा' इथे त्या अडल्या. "अगं, दुखतंय म्हणजे दुखतंय, आकडा कुठून आणू?" मग आपणहून म्हणाल्या, "काल बाथरूमला जाताना भिंत धरावी लागली, आज नाही लागली." मी तेच वाक्य वहीत उतरवून घेतलं. प्रश्न आता असेच विचारायचे.

'अँकल पंप' म्हणजे विकत आणायची वस्तू, असं त्यांना वाटलं होतं! पायात रक्त साचून गाठ होऊ नये म्हणून पाऊल घोट्यातून वर-खाली करायचं, एवढंच. करून दाखवल्यावर लगेच जमलं.

पण पोटरी सुजून दुखायला लागली तर तातडीने डॉक्टरांना कळवायचं, ही सूचना आम्ही तिसऱ्या पानावर ठेवली होती. याचं फार वाईट वाटलं. उद्या ती पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, शेजारी थेट फोन लावायचं बटण.

गुरुवारी पुन्हा जाणार आहे. काकू म्हणाल्या, "तोवर जिन्यापर्यंत चालून दाखवते."