प्रसिद्धीचे खाते, कमाईचे खाते

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन फॅशन स्ट्रीटवर गेलो होतो. त्याला फुटबॉलची जर्सी हवी होती. आझाद मैदानाच्या कडेच्या त्या दुकानांतून टांगलेल्या जर्स्यांच्या पाठीवरची नावे वाचत आम्ही चाललो होतो. मेस्सी, रोनाल्डो, नेमार आणि कोहली ही नावे पुन्हा पुन्हा येत होती आणि मधूनच एखादा एम्बापे दिसत होता. घासाघीस करून साडेतीनशे रुपयांत मेस्सीची दहा नंबरची जर्सी घेतली. परतीच्या लोकलमध्ये नातवाने विचारले, "आजोबा, ह्या सगळ्यांत जास्त पैसे कोणाला मिळतात?"

बँकेत चौतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो वही काढतोच. नंतरचे काही दिवस मी ती वही भरत राहिलो, आणि प्रत्येक पानावर तेच दिसत गेले: खेळाडूला किती लोक ओळखतात हे एक खाते आहे आणि त्याला किती पैसे मिळतात हे दुसरे. पहिल्या खात्यातली शिल्लक दुसऱ्यात आपोआप वळती होत नाही.

फॅशन स्ट्रीटवर एकाही जर्सीवर न दिसलेले एक नाव म्हणजे हुआन सोतो. हा बेसबॉल खेळतो. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने त्याच्याशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला सरासरी ५ कोटी डॉलरहून अधिक. आपल्या रुपयांत ही रक्कम वर्षाला चारशे कोटींच्या वर जाते. हाच माणूस उद्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर येऊन बसला, तर भेळवाल्याखेरीज त्याच्याकडे कोणी पाहणार नाही. उलट विराट कोहलीचे इन्स्टाग्रामवरचे अनुयायी २७ कोटींच्या आसपास आहेत, बास्केटबॉलच्या लेब्रॉन जेम्सपेक्षा कितीतरी जास्त. पण २०२५ च्या आयपीएलसाठी त्याच्या संघाने त्याला राखले ते २१ कोटी रुपयांना. कोहलीचे उत्पन्न अर्थातच एवढ्यावर थांबत नाही, जाहिरातींचा ओघ वेगळा आहे. परंतु केवळ खेळण्याची मजुरी पाहिली, तर जगाला ठाऊक असलेला फलंदाज त्या अनोळखी बेसबॉलपटूच्या जवळपासही नाही.

याचे कारण प्रेक्षकांच्या संख्येपेक्षा वाटणीच्या पद्धतीत अधिक सापडते. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूंच्या भक्कम संघटना आहेत, आणि त्या मालकांशी सामूहिक करार करतात. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये बास्केटबॉलपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा हिस्सा खेळाडूंना द्यावा लागतो, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून या लीगने प्रक्षेपणाचे जे हक्क विकले आहेत ते ११ वर्षांसाठी सुमारे ७,६०० कोटी डॉलरचे आहेत. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे माध्यम हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे हंगामाला सुमारे ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी १२० कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे मिळून १,२०० कोटी झाले. निव्वळ माध्यम हक्कांशी तुलना केली तरी हा जेमतेम आठवा हिस्सा भरतो. हिशेब ढोबळ आहे, कारण भारतीय क्रिकेट मंडळ खेळाडूंना वार्षिक करार आणि सामन्यांचे मानधन वेगळे देते. तरीही निम्मा आणि आठवा यांतली दरी काही कमी होत नाही. आपल्याकडे क्रिकेटपटूंची एक संघटना २०१९ मध्ये झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज खेळणाऱ्यांसाठी वाटाघाटी करणारी संघटना नाही. गिरणगावात वाढलेल्या माझ्यासारख्याला युनियन असणे आणि नसणे यातला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बेसबॉलचाच दुसरा खेळाडू शोहेइ ओतानी. त्याचा करार वाचताना माझ्यातला बँकवाला अस्वस्थ झाला. लॉस एंजेलिस डॉजर्सने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल केले, पण त्यातले ६८ कोटी तो २०३४ ते २०४३ या काळात घेणार आहे, आणि तेही बिनव्याजी. खेळत असताना त्याला वर्षाला फक्त २० लाख डॉलर मिळतात. आजच्या मूल्याने त्या ७० कोटींची किंमत ४६ कोटींच्या आसपास धरली जाते. वर्तमानपत्रात मात्र मथळा सत्तर कोटींचाच येतो. अशा प्रत्येक मथळ्याखाली मी मनातल्या मनात तीन ओळी लिहितो: कर, दलाली आणि मुदत. श्रीमंत खेळाडूंच्या ज्या याद्या फोर्ब्ससारखी मासिके दरवर्षी काढतात, त्यांतले आकडे कर आणि एजंटचे शुल्क वजा न करता दिलेले असतात, आणि जाहिरातींच्या उत्पन्नाचा भाग अंदाजावर उभा असतो. तेव्हा त्यांना ताळेबंद समजू नये.

रोनाल्डोचे गणित आणखी निराळे आहे. फोर्ब्सच्या २०२५ च्या यादीत तो २७.५ कोटी डॉलरसह पहिला होता, आणि त्यातले सुमारे २२.५ कोटी मैदानावरचे, म्हणजे मुख्यतः सौदी अरेबियातल्या अल नस्र क्लबचे. या क्लबची बहुतांश मालकी २०२३ पासून तिथल्या सरकारी गुंतवणूक निधीकडे आहे. इतके वेतन तिकिटे आणि जर्स्या विकून निघत नाही. एक देश आपली ओळख बदलू पाहतो आहे आणि त्यासाठी त्याने जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा कामावर ठेवला आहे, असे मी त्याचे वर्णन करीन.

मात्र सर्वांत मोठी शिल्लक वेतनातून जमत नाही. मायकेल जॉर्डनला एनबीएतल्या संपूर्ण कारकिर्दीत वेतनापोटी मिळाले ते साधारण ९.४ कोटी डॉलर, म्हणजे सोतोच्या दोन वर्षांच्या सरासरीपेक्षाही कमी. तरीही इतिहासातला सर्वाधिक कमावणारा खेळाडू म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. १९८४ मध्ये त्याने नायकेशी करार केला तेव्हा ठरावीक मोबदल्याबरोबर विक्रीतला हिस्साही कागदावर घेतला. त्याच्या नावाचे बूट पहिल्याच वर्षी १० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे खपले, आणि आज त्या ब्रँडची वार्षिक विक्री ७०० कोटी डॉलरच्या घरात आहे. त्याने २००३ मध्ये खेळणे थांबवले, हिस्सा थांबला नाही. पुढे त्याने शार्लट हॉर्नेट्स हा संघ विकत घेतला आणि २०२३ मध्ये त्यातली बहुतांश मालकी विकली, तेव्हा संघाचे मूल्य ३०० कोटी डॉलर धरले गेले. फॅशन स्ट्रीटवर नातवाने उलटेसुलटे करून पाहिलेल्या एका नकली बुटावर पाय फाकून झेप घेणारी, जॉर्डनच्या ब्रँडची ती काळी आकृती होती. हा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. जॉर्डनच्या प्रसिद्धीची ही फार विलक्षण अवस्था आहे असे मला वाटते: चेहरा पुसला गेला, सावली विकली जात राहिली.

ही वाट अर्थात जॉर्डनने शोधलेली नाही. गोल्फपटू अर्नोल्ड पामर याने १९६० मध्ये मार्क मॅकॉरमॅक या वकिलाशी हस्तांदोलन करून आपले व्यवहार त्याच्या हाती दिले, आणि तिथून खेळाडूचे नाव हा स्वतंत्र माल झाला. पामरची पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धामालिकेतली आयुष्यभराची बक्षिसे १९ लाख डॉलरही भरत नाहीत. बाकीची अफाट संपत्ती नावावर आली. टेनिसमध्ये तर हा फरक शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो. नोव्हाक जोकोविचने २४ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे जिंकली आणि त्याची बक्षिसांची रक्कम १८ कोटी डॉलरच्या पुढे गेली. रॉजर फेडररची विजेतेपदे २० आणि बक्षिसे साधारण १३ कोटी. पण अब्जाधीश झाला तो फेडरर, कारण त्याने ऑन या स्विस बूट कंपनीत २०१९ मध्ये स्वतः भागीदारी घेतली आणि दोन वर्षांनी ती कंपनी शेअर बाजारात आली. उलट्या टोकाला माइक टायसन आहे. कोट्यवधी डॉलर कमावून २००३ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता आपल्या गावाकडे वळतो. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघात सुनील गावसकर, संदीप पाटील, दिलीप वेंगसरकर, रवी शास्त्री आणि बलविंदरसिंग संधू असे मुंबईचे पाच जण होते. त्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाच्या तिजोरीत पैसे नव्हते. लता मंगेशकर यांनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून वीस लाख रुपये उभे राहिले आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाला. त्या काळात मुंबईच्या क्रिकेटपटूचे खरे उत्पन्न म्हणजे नोकरी. गावसकर निरलॉन कंपनीत, अजित वाडेकर स्टेट बँकेत. टाइम्स शील्डच्या सामन्यांना कसोटीपटू आपापल्या कार्यालयांकडून उतरत आणि आम्ही कारकून मंडळी जेवणाच्या सुट्टीत ते पाहायला जात असू.

हे चित्र बदलले ते १९९५ मध्ये. खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या वर्ल्डटेल कंपनीच्या मार्क मॅस्करेन्हस यांनी सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांचा करार केला. त्याचा आकडा पंचवीस ते तीस कोटी रुपयांच्या दरम्यान सांगितला जात असे, आणि आमच्या शाखेत त्या दिवशी काउंटरवर दुसरा विषय नव्हता. एका वरिष्ठांनी तेवढ्या रकमेवर मुदत ठेवीचे व्याज किती होईल ते कॅल्क्युलेटरवर काढून दाखवले होते. घरोघरी केबल टीव्ही नुकता पोहोचला होता आणि कंपन्यांना संपूर्ण देशाला एकाच वेळी दाखवता येईल असा चेहरा हवा होता. साहित्य सहवासातल्या मुलाकडे तो होता. अर्थात सचिनची प्रसिद्धी क्रिकेटच्या देशांपुरती राहिली हेही खरे. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा तो सामना खेळणार नाही हे माहीत असूनही लोकांनी हजारो रुपये देऊन तिकिटे घेतली. सचिनने त्याला आपली जर्सी दिली. ज्या मैदानात सचिनचा पुतळा उभा आहे तिथे हे घडले. पण सचिन मेस्सीच्या गावी, अर्जेंटिनातल्या रोझारिओच्या बाजारात फिरला तर काय होईल, याचे उत्तर सोतोच्या शिवाजी पार्कवरच्या संध्याकाळीसारखेच येईल.

बायकांच्या खेळाचे पान माझ्या वहीत लहान आहे, ते लहान असणे हीच त्यातली नोंद आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या महिला लीगच्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची सर्वोच्च बोली लागली. त्याच हंगामाच्या आयपीएलमध्ये सॅम करनला साडेअठरा कोटी मिळाले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नेरुळच्या मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला आणि मंडळाने ५१ कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा मला आनंद झालाच, परंतु जाहिरातदार पुढची दहा वर्षे काय करतात हे पाहण्यासाठी मी ते पान कोरे ठेवले आहे.

ऑलिंपिकच्या खेळाडूंची तर वेगळीच कथा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणणाऱ्या त्या मल्लाने पुढे पोलीस खात्यात नोकरी केली. त्यानंतर ७२ वर्षांनी, पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्याचाच स्वप्नील कुसळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. राज्य सरकारने त्याला एक कोटी जाहीर केले, रेल्वेने बढती दिली. त्याच पॅरिसमध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने प्रथमच सुवर्णपदकामागे ५० हजार डॉलर दिले, आणि जगाने त्याची मोठी बातमी केली.

आमच्या शाखेत खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला एक कबड्डीपटू होता. लालबागच्या मंडळात तयार झालेला, उत्तम चढाई करणारा. दुपारी तीनला त्याला सरावासाठी सुट्टी असे, त्यामुळे त्याची व्हाउचर्स माझ्याकडे येत. स्पर्धांत त्याला चषक, मनगटी घड्याळे आणि एकदा टेबलफॅन मिळाला होता. लालबाग-परळमध्ये त्याला चहाचे पैसे कोणी देऊ देत नसे. दादरच्या पुढे त्याला कोणी ओळखत नसे. प्रो कबड्डी २०१४ मध्ये वरळीच्या डोममध्ये सुरू झाली तेव्हा सर्वांत मोठी बोली राकेश कुमारला १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ मध्ये मुंबईच्या रिशांक देवाडिगासह सहा जणांनी कोटीचा टप्पा गाठला, आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले.

ही आकडेवारी परवा मी त्याला फोनवर वाचून दाखवली. तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरीच असतो. मला वाटले होते की तो हळहळेल, निदान स्वतःची बोली किती लागली असती याचा अंदाज तरी करील. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, पण त्या पोरांचा पीएफ कापतात का?"