मागलं दार

रात्रीचा एक वाजला होता. आतल्या खोलीतनं आप्पांचा आवाज आला, "काय रे, सांबऱ्याचं विमान आपल्या गल्लीत उतरूलंय काय?"

विमान कुठलं, माझा कॉम्प्युटर होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांसाठी मी साच्यांची ड्रॉइंग करतो. साच्यात ओतलेला रस आधी कुठं थिजेल, कुठं पोकळी राहील, याचा हिशेब रात्री लावून ठेवायचा आणि सकाळी उत्तर बघायचं. चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड कसं निवेल हे शोधता शोधता यंत्र स्वतःच तापून निघतं. प्रोसेसर ९२ अंशांवर, पंखे जीव तोडून पळतायत आणि भिंतीपलीकडे आप्पा कुशी बदलतायत.

आप्पांनी वडगावात उभा जन्म यंत्रमाग चालवला. घराच्या मधल्या खोलीत दोन माग होते. मी पाळण्यात असताना उशाशी धोटे खाडखाड पळायचे आणि मी म्हणे ढाराढूर झोपायचो. लाइट जाऊन माग थांबले की मात्र भोकाड पसरून उठायचो. अशा घरातल्या माणसाला माझे वीतभर पंखे सोसत नाहीत याचा मला आधी रागच आला. मग दोन रात्री मीच दिवा मालवून नीट ऐकलं. मागाला एक चाल होती. माझा पंखा ब्राउझरची एक टॅब उघडली की चढायचा, जरा उतरायचा, परत चढायचा. कुणीतरी रात्रभर जिना चढउतर करतंय तसा. कानाला आवाजाची सवय होते, लहरीपणाची होत नाही.

कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे त्याची बाहेरची पेटी, मी हौसेनं घेतलं होतं. पुढून अखंड काळी काच, आत सात रंगांत पेटणारे तीन पंखे. गणपतीच्या मांडवात शोभलं असतं. काच आणि पंखा यांच्यामध्ये बोटभर फट होती, तेवढ्यातनं पंख्यानं हवा ओढायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ते उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो बैलहोंगलकडचा; घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यानं मशीन चालू केलं, ते तापू दिलं आणि पुढची काच दोन्ही हातांनी उपसून बाजूला ठेवली. काही बोलला नाही, चहा मागवला. चहा येईतो पंख्यांचा सूर खाली आला आणि पडद्यावरचा आकडा ८१ वर. "काचेतनं गाळी हेंग बरतद, सर?" तो म्हणाला. "गाळी बरबेकु."

गाळी म्हणजे वारा. काचेतनं वारा कसा येणार? वारा यायला पाहिजे. सीमाभागात माणसं कशाकशावरनं भांडली, पण या वाक्याला दोन्ही बाजूंचा पाठिंबा मिळेल.

परत येताना मला खानापूरकडचं आजीचं कौलारू घर आठवत होतं. पुढच्या दारात उभं राहिलं की सोपा, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून थेट परसातली केळ दिसायची. तिन्ही दारं एका रेषेत. मे महिन्यात जेवणं झाली की आजी म्हणायची, "मागलं दार उघडा गं कुणीतरी." पुढचं सताड उघडं असलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही, कारण वाऱ्याला जायला वाट नसली तर तो येतच नाही. चुलीची ऊब वर जाऊन कौलांच्या सांदीतनं निघून जायची. कॅबिनेटचंही तेच आहे. पुढून गार हवा आत, मागचा पंखा प्रोसेसरच्या शेजारचा गरम वारा बाहेर काढणार, वर जाळी. त्यामुळं नवं घेताना मी दिवे बघितलेच नाहीत. पुढे मोकळी जाळी आहे का, तिच्यामागची धुळीची गाळणी सरकवून काढता येते का, आणि १४० मिलिमीटरचे दोन पंखे पुढे बसतात का, एवढंच. आवाज कोंडायला आतून फोम लावलेली बंद कॅबिनेटंही मिळतात. हलक्या कामाला ती ठीक असतील. माझ्यासारख्यानं घेतली तर आवाजाबरोबर उष्णताही कोंडली जाते, मग पंखे आणखी पळतात, आणि फोमचे पैसे पाण्यात.

पंख्याचं गणित मात्र मला फार आवडलं. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज जवळजवळ १५ डेसिबलनं उतरतो. आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. उलट तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. म्हणजे एकाला ऊर फुटेस्तोवर पळवण्यापेक्षा दोघांना रमतगमत चालवावं, हवा तेवढीच मिळते. मोठं पातं आणखी बरं: १२० चा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेऊन जेवढी हवा हलवतो, तेवढी १४० चा साधारण ७५०-८०० फेऱ्यांत हलवतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे पंखे या बाबतीत नावाजलेले. रंग चहा-बिस्किटाचा, किंमत मात्र चहा-बिस्किटाची नव्हे. मी एकच घेतला, मागच्या दाराला. पुढे साधे दोन, रबरी खुंट्यांवर बसवलेले, म्हणजे त्यांची थरथर पत्र्यात उतरत नाही.

बसवताना मी व्हायचा तो घोळ घातलाच. मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या ज्या बाजूला असतात तिकडून हवा बाहेर पडते, हे पाठ असूनही मागचा पंखा उलटा लावला. सगळे पंखे आत ढकलतायत आणि आकडा काही उतरेना. शेवटी देवघरातली उदबत्ती पेटवून मागच्या जाळीपाशी धरली. धूर सुरकन आत गेला. तेवढ्यात आप्पा पाण्याला उठलेले. दारात थांबून म्हणाले, "कॉम्प्युटरला ओवाळूलास काय रे?"

पंखा सरळ केल्यावर वेगळंच सुरू झालं. गूंऽ गूंऽ असा आवाज सेकंदाला दोनेकदा फुगायचा आणि ओसरायचा. एकेकटा लावला की दोन्ही पंखे शहाणे, जोडीनं लावले की हे. पुढचा एक ८०० फेऱ्यांवर होता, दुसरा ८१५ वर. तंबोऱ्याच्या दोन तारा नीट जुळल्या नाहीत की त्यांच्यात अशीच लाट फिरते. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत. त्या मुलखात राहून हे ओळखायला मला तीन दिवस लागले, कुणाला सांगू नका. जुळवत बसण्याऐवजी मी फारकतच केली: एक ७०० वर, एक ९०० वर. लाट गेली.

राहिला तो जिना चढणारा माणूस. त्याचा बंदोबस्त बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये होता आणि त्याला एक पैसा लागला नाही. प्रोसेसर क्षणभर तापतो, पण त्याच्यावरचा धातूचा कूलर इतक्या पटकन तापत नाही. तेव्हा प्रत्येक उचकीला पंख्यानं धावायचं कारण नाही. ६५ अंशांपर्यंत वेग एकच ठेवला, आणि पुढेही चढण्याआधी काही सेकंद थांब म्हणून सांगितलं. रात्रीच्या हिशेबात आता आकडा ७४ वर स्थिरावतो, पंख्यांचा वेगही तिथंच ठरून राहतो. मे महिन्यात पारा पस्तिशीला गेला की आकडाही तितकाच वर सरकणार. खोलीपेक्षा गार वारा कुठला पंखा आणणार?

गाळणीचं सांगायचं राहिलंच असतं. गल्लीत अजून माग चालतात आणि सुताचे बारीक तंतू हवेत असतातच. आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवले की हवा फटीफटीतनं न शिरता गाळणीतनंच येते, आणि पंधरा दिवसांत गाळणीवर पातळ घोंगडी विणली जाते. जुन्या टूथब्रशनं ती काढतो.

सगळं जमल्यावरच्या पहिल्या रात्री हिशेब लावला आणि पडलो. एकच्या सुमाराला आप्पा येऊन उभे. "बंद पडलं काय?"

"चालू आहे की, आप्पा."

त्यांचा विश्वास बसला नाही. वाकून त्यांनी मागच्या जाळीवर तळहात धरला. माग चालू असताना मोटरवर धरायचे तसाच, बोटं जरा फाकवून. बराच वेळ धरला. "गरम वारा येऊलाय की," म्हणाले आणि जाऊन झोपले.

मग जुलै आला. जुलैत आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, दोरीवर नुसते राहायला जातात. एका रात्री पंखे पुन्हा चढले, आकडा ८३. मी उठलो, पुढची जाळी बघितली, गाळणी बघितली, उदबत्ती शोधायला लागलो. मग कॅबिनेट जरा वळवलं, तर मागच्या जाळीवर चिमटा लावून आप्पांची टोपी वाळत घातलेली.