टॉन्सिलचं ऑपरेशन आणि विमा कंपनीची ‘क्वेरी’

आमच्या पोराचा ताप १०३-१०४ पर्यंत जायचा. घसा लालभडक, तोंडात फोड, मानेला गाठी. चार-पाच दिवसांनी आपोआप उतरायचा, मग पोरगं ठणठणीत. महिना होत आला की पुन्हा तेच. निदान झालं पीएफएपीए, म्हणजे ठरावीक काळाने ताप, तोंडात फोड, घसादुखी आणि मानेला गाठी येणारा आजार. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या एका डोसने ताप काही तासांत जायचा, पण पुढचा लवकर यायला लागला. हे या औषधाने होऊ शकतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग टॉन्सिल काढायचं ठरलं.

गाडी अडली विम्याच्या कॅशलेस मंजुरीवर. टीपीएची (विमा कंपनीसाठी दावे तपासणारी संस्था) क्वेरी, म्हणजे शंका, आली: ‘थ्रोट कल्चर पॉझिटिव्हचे रिपोर्ट जोडा.’ म्हणजे घशात जंतू सापडल्याचे. अहो, कल्चर निगेटिव्ह येतं, अँटिबायोटिकने काडीचा फरक पडत नाही, म्हणून तर या आजाराचा संशय येतो! डॉक्टरांनी तसं पत्र दिलं. पुन्हा तीच क्वेरी, शब्द न् शब्द तोच. हॉस्पिटलच्या विमा डेस्कवरच्या ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली: ‘वर्षात सात इन्फेक्शन्सची नोंद हवी.’ तो निकष वारंवार घशाचं इन्फेक्शन होणाऱ्या मुलांसाठी आहे. इथे जंतू नाहीतच, शरीराची प्रतिकारयंत्रणाच ठरावीक काळाने भडकते. ऑपरेशनची तारीख तोंडावर, पुढचा ताप कधीही येईल, आणि समोरचं कुणी कागद वाचतच नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

सुटलं ते आमच्या डॉक्टरांनी विमा कंपनीच्या मेडिकल ऑफिसरशी थेट फोनवर बोलल्यावर. सोबत फिनलंडच्या २००७ च्या आणि इटलीच्या २००९ च्या अभ्यासांच्या प्रती दिल्या. दोन्ही लहान होते, पण ऑपरेशन झालेल्या मुलांचा ताप बराच कमी झाला होता.

फॉर्मवर नुसतं ‘रिकरंट टॉन्सिलायटिस’ (वारंवार टॉन्सिल सुजणं) लिहू देऊ नका, पूर्ण निदान लिहून घ्या. तापाची वही ठेवा: तारीख, आकडा, फोड, गाठी. आमची तीच सगळ्यात कामी आली. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) तापात एकदा आणि बरं असताना एकदा करा; तापात वाढलेला, नंतर नॉर्मल, हा फरक कागदावर दिसतो. सायक्लिक न्यूट्रोपेनिया (ठरावीक काळाने पांढऱ्या पेशी कमी होण्याचा आजार) नाही ना, हे आधी बघून घ्या, त्यातही ताप असाच ठरावीक दिवसांनी येतो.

हो, आणि पॉलिसी नवी असेल तर टॉन्सिलला बहुधा दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो, तो तपासा. नकार आलाच तर लेखी घ्या आणि कंपनीकडे तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे, त्याला फी नाही.

बहुतेक मुलांचा हा ताप वाढत्या वयात आपोआप थांबतो, त्यामुळे ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असं नाही. आमचं पोरगं दर महिन्याला शाळा बुडवत होतं. ऑपरेशननंतर तो ताप परत आलेला नाही.