‘पाच सालच्या वर जाईल का?’

पावसाळ्यात आयर्विन पुलावर माझं काम एकच: कृष्णेची पातळी वाचायची, वहीत लिहायची, फोनवर कळवायची. पूर आला की तासातासाला. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पुराचं पाणी जागेवर राहत नाही. खांबाला आपटून उसळतं, जलपर्णीचा गठ्ठा अडकला की एका अंगाला चढतं. लाट वर कुठवर जाते, खाली कुठवर उतरते, दोन्ही बघून मधला आकडा धरायचा. रात्री बॅटरीच्या उजेडात, पावसात, हे चोख करावं लागतं. इंचभर चुकलं तरी तासाची वाढ चुकते, आणि खरी मोलाची तीच.

ऑगस्ट २०१९. गणपती पेठेतले एक किराणा दुकानदार भिजत पुलावर आले. ‘साहेब, पाच सालच्या वर जाईल का?’ २००५ चं पाणी दुकानात जिथवर आलं होतं तिथं त्यांनी ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेच्या दीड फूट वर फळ्या ठोकून साखर, डाळी, सगळा माल चढवला होता.

पुलावरची गर्दी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर वाद घालत होती. हरिपूरकडे कोणी बघत नव्हतं. तिथं वारणा मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. वरून कोयनेचं पाणी कराडमार्गे येतच होतं आणि खाली दोन्ही नद्या तुडुंब. इकडं नदीला उतार आधीच कमी. मग कृष्णेला वाट मिळत नाही, पाण्याला फूग येते, म्हणजे ते मागे तुंबत जातं. सांगलीतला पाऊस उघडला तरी पट्टीवर इंच इंच चढत राहतं. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान् पिढ्या हळद कोरडी राहिली. त्या पेवांत २००५ ला पाणी शिरलं, तेव्हाच जुन्या खुणांचा भरवसा संपायला हवा होता.

आम्ही आकडा सांगायचा, अंदाज नाही, असा नियम. तो मला पटतो. धरण फुटल्याचे मेसेज फिरत असताना आमच्या तोंडचा एक शब्द गावभर होतो. म्हणून वाढ सांगितली. ‘काका, दर तासाला चढतंय. अजून थांबलेलं नाही. रेघेवर विसंबू नका, माल माडीवर न्या.’ ते म्हणाले, ‘पाच सालीसुद्धा एवढा पूर पुन्हा नाही म्हणत होते सगळे.’ आणि तरीही विचारलं, ‘पण वर जाईल का?’

२००५ चा पूर ५३ फुटांच्या वर गेला होता. २०१९ चा ५७ च्याही वर गेला.

पाणी ओसरल्यावर मी दुकानात गेलो. निम्मा माल त्यांनी माडीवर नेला होता. उरलेली साखरेची पोती फळीवर तशीच, तोंडं शिवलेली, आत काही नाही.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांवर गेलं, तेव्हा त्यांचा फोन आला: ‘एकोणीसच्या वर जाईल का?’ म्हणजे आता रेघ नवी.

भोंग्यावरून आपण लोकांना नुसते फूट सांगतो. तासाची वाढ सांगत नाही. वारणा, पंचगंगा चढतायत की उतरतायत, तेही सांगत नाही. हे तिन्ही आकडे एकाच टेबलावर येतात. गाडी गल्लीत फिरतेच आहे. एक वाक्य जास्त बोलायला काय लागतं, हे मी बैठकीत विचारलंय आणि यंदाच्या जूनआधी पुन्हा विचारणार आहे.