सड्यावरचा वणवा

वणवा विझल्यावर आम्हाला एक अहवाल भरावा लागतो. जळालेले क्षेत्र, हजर माणसे, विझवण्यास लागलेला वेळ यांबरोबर त्यात आगीचे कारणही लिहायचे असते, आणि बहुतेक वेळा तेथे ‘अज्ञात’ एवढा शब्द टाकून पुढे जाता येते. मार्चमधल्या त्या रविवारचा अहवाल मात्र माझ्या हातून तसा लिहिला जाईना. त्या दिवशी एकाच सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, दोनदा आग लागली होती, आणि दुसऱ्यांदा ती लावणारा माणूस माझ्या हाकेच्या अंतरावर उभा होता.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या वनक्षेत्रात, वनरक्षक आहे. डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचा मोठा सडा आहे आणि त्याची पूर्वेकडची कड अलीकडे व्ह्यू पॉइंट म्हणून शहरात ओळखीची झाली आहे. तेथून सारे बेळगाव समोर पसरलेले दिसते, आग्नेयेला राजहंसगड, उत्तरेला वैजनाथाचा डोंगर. दिवेलागणीच्या वेळी शहर पाहण्यासाठी लोक येतात, आणि ते पाहण्यासारखे आहेच. मात्र तेथे उभ्या असलेल्या माणसाची पाठ ज्या बाजूला असते, तिकडे मार्चमध्ये गुडघ्याच्या वर वाढून वाळलेले कुसळी गवत असते आणि परतीची एकमेव रुंद वाट त्या गवतातूनच जाते. कडेच्या खाली घळीत जांभूळ आणि अंजनीची दाट राई आहे, तिच्याखाली काजूच्या बागा. या दिवसांत काजूला मोहोर आणि बी दोन्ही असतात. झाड पेटले नाही, नुसती धग लागली, तरी वर्षाचे उत्पन्न जाते.

आता उपग्रहामुळे आग लगेच कळते, असे पुष्कळांना वाटते. उपग्रहाचा संदेश आम्हाला येतो हे खरे आहे. परंतु ज्या उपग्रहावरून तो येतो, तो आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर जातो, आणि आगीची जागा त्याला सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनात दिसते. दुपारी चार वाजता लागलेली आग त्याच्या दृष्टीने रात्रीपर्यंत लागलेलीच नसते. म्हणून डोंगरावर माणूस लागतो. आगीवर नजर ठेवायला हंगामापुरते घेतलेले फायर वॉचर पावसाळ्याआधी घरी जातात आणि कोणत्या घळीत वारा कसा वळतो ही त्यांची माहितीही त्यांच्याबरोबर जाते, याचे मला दर वर्षी वाईट वाटते.

त्या दिवशी माझ्याबरोबर दोन वॉचर होते. धूर दिसला तो सड्याच्या पश्चिम टोकाला, गाड्या लावतात त्या बाजूला. आग लागली कशी, हे नंतर तेथे सापडलेल्या काळ्या पडलेल्या तीन दगडांनी आणि कोंबडीच्या हाडांनी सांगितले. ती चूल कोणाची, हे कोणीच सांगितले नाही. दुपारनंतर आमच्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो, त्यामुळे आग सरळ कडेकडे, म्हणजे माणसांकडे, धावू लागली. कडेवर तीस-चाळीस जण होते, त्यांत लहान मुलेही होती. वाट बंद झाली होती आणि घाबरलेला माणूस नेमका गाडीकडे पळतो. आम्ही सर्वांना उघड्या कातळावर आणून बसवले. जेथे गवत उगवत नाही तेथे आग येत नाही, हे एका वाक्यात सांगता येते. समोर ज्वाळा दिसत असताना ते पटवून देण्यास फार आवाज चढवावा लागला.

मग आम्ही तिघे जांभळाच्या हिरव्या फांद्या घेऊन आगीच्या उजव्या बगलेला लागलो. फांदी वर उचलून आपटली की ठिणग्या उडून मागचे गवत पेटते. ती ज्वाळेच्या बुडाशी दाबायची आणि जळालेल्या बाजूकडे ओढायची असते. बगल आमच्या हातात येत होती, तोंड, म्हणजे वाऱ्याबरोबर पुढे धावणारी बाजू, मात्र येण्यासारखे नव्हते.

इतक्यात खालच्या काजूबागेतले मामा घळीच्या पाऊलवाटेने वर आले. सत्तरीच्या पुढचे असतील. त्यांच्या हातात वाळक्या काटक्यांची चूड होती. कड आणि आग यांच्या मधून गुरांची एक जुनी वाट जाते. ते त्या वाटेवर जाऊन उभे राहिले. येणाऱ्या आगीसमोरचे गवत आधीच संपवण्यासाठी मुद्दाम लावलेली आग म्हणजे प्रतिवणवा. तो लावण्याची वेळ चुकली तर तो लावणाऱ्यालाच खातो. लवकर लावला तर वारा त्याला आपल्याच अंगावर ढकलतो, उशीर झाला तर लावायला माणूस उरत नाही. मोठी आग जवळ आली की ती भोवतालची हवा स्वतःकडे ओढू लागते, आणि त्या थोड्या क्षणांपुरता जमिनीलगतचा वारा उलटतो. मी ओरडून विचारले, “मामा, काय करताय?” त्यांनी वाळलेले गवत चुरून हातातून सोडले. ते कडेकडे उडाले. “अजून न्हाई साहेब,” ते म्हणाले. पुन्हा सोडले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो चुरा आगीच्या दिशेने सरकला. “आता आत वडायलंय बघा,” असे म्हणत ते वाकले आणि वाटेच्या कडेने चूड टेकवत चालू लागले. त्यांनी लावलेली आग वाऱ्याच्या विरुद्ध पश्चिमेला गेली, दोन्ही आगी समोरासमोर भिडल्या आणि मधले गवत संपताच तोंड खाली बसले. राई वाचली, बागा वाचल्या.

कातळावरून लोकांना यातले काय दिसले? एक म्हातारा जंगलाला आग लावत चालला आहे, एवढेच. काही जण त्यांच्यावर ओरडत होते, बरेच जण मोबाइल धरून होते. दोन मुले मात्र उठून आली आणि आमच्याबरोबर फांद्या ओढू लागली, त्यांचा मला आदर वाटतो. त्या रात्री आम्ही धुमसणारे शेणाचे पो आणि बुंधे शोधून विझवत असताना उपग्रहाचा संदेश आला, आणि त्याच्या आधीच चूड घेतलेल्या मामांचा व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर पोहोचला होता.

१९६३ च्या कर्नाटक वन अधिनियमानुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. जंगलाशेजारी राहणाऱ्याने वणवा विझवण्यास आम्हाला मदत करावी, अशीही कायद्याची अपेक्षा आहे. मामांनी एकाच कृतीत दोन्ही केले. वरिष्ठांनी व्हिडिओ दाखवून मला विचारले की ही आग कोणाच्या सांगण्यावरून लावली. ते विचारणे त्यांचे कामच होते. मी लिहून दिले की पहिली आग उघड्यावरच्या चुलीची, पेटवणारे अज्ञात. दुसरी आग हा प्रतिवणवा, माझ्या उपस्थितीत आणि माझ्या संमतीने. उपस्थिती खरी आहे. संमतीचा शब्द मी त्या वेळी उच्चारला नव्हता; मी फक्त त्यांना थांबवले नाही आणि त्यांच्या हातातून सुटणारा चुरा पाहत राहिलो. न थांबवणे म्हणजे संमती का, हे मी अजून स्वतःला विचारतो, पण तो शब्द मी मागे घेणार नाही. मामांवर गुन्हा दाखल झाला नाही. व्हिडिओ अजूनही फिरतो आहे, आणि बाजारात काजू घेऊन गेल्यावर लोक त्यांना त्याबद्दल विचारतात.

वणवा अडावा म्हणून गवत आधीच जाळून मोकळे ठेवलेले पट्टे म्हणजे जाळपट्टे; त्यांचे काम थंडीत निघते. या वेळी सड्यावरचा पट्टा त्या गुरांच्या वाटेने न्यावा आणि तो आखताना मामांना बरोबर घेण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज मी आताच लेखी दिला आहे.